‘आधी चालत होतं की!’

आज रॉकेटबद्दल बोलायचंय. पण खरं सांगायचं तर विषय एका वाक्याचा आहे. ऑफिसात मी ते किती वेळा म्हटलंय याची मोजदाद नाही : ‘अरे, हा कोड जुनाच आहे, आधी चालत होता की!’

4 जून 1996. दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधलं कुरू. युरोपचं नवंकोरं एरियान 5 रॉकेट पहिल्यांदा उडणार होतं. त्यात क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह होते. मुख्य इंजिन पेटल्यापासून सुमारे 37 सेकंद सगळं व्यवस्थित चाललं. मग साधारण 3,700 मीटर उंचीवर रॉकेट एकदम वळलं, हवेच्या माऱ्यानं तुटायला लागलं आणि त्याच्यातल्याच यंत्रणेनं ते उडवून टाकलं. चारही उपग्रह गेले.

झालं काय होतं? आपण कुठे आहोत, कुठल्या दिशेनं, किती वेगानं चाललोय हे रॉकेटला सांगणारी एक यंत्रणा असते, इनर्शियल रेफरन्स सिस्टिम. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो ना, तसंच काहीसं. तिचं सॉफ्टवेअर एरियान 4 वरून बरंचसं तसंच उचललं होतं. त्यात आडव्या वेगाशी संबंधित एक आकडा 64 बिटच्या दशांश रूपातून 16 बिटच्या पूर्णांकात बदलला जायचा. 16 बिटमध्ये जास्तीत जास्त 32,767 मावतात. एरियान 4 चा आकडा तिथवर कधी गेलाच नव्हता. एरियान 5 चा मार्ग वेगळा, सुरुवातीचा आडवा वेग कितीतरी जास्त. आकडा मावला नाही, एरर आली.

आता तुम्ही म्हणाल, बॅकअप नव्हता का? होता की! तसाच दुसरा संच, तेच हार्डवेअर, तेच सॉफ्टवेअर. तो क्षणभर आधीच त्याच कारणानं बंद पडला होता. हार्डवेअर बिघडलं तर दुसरा संच कामाला येतो. विचारच चुकला असेल, तर तीच चूक दोनदा होते, बस्स.

पुढची गंमत बघा. बंद पडताना यंत्रणेनं आपल्या बिघाडाची माहिती पाठवली. मुख्य कॉम्प्युटरनं तीच उड्डाणाची माहिती समजली आणि नसलेली चूक सुधारायला नोझल पूर्ण वळवले.

आणि जो भाग फेल झाला, त्याची त्या क्षणी गरजच नव्हती! तो उड्डाणाआधी यंत्रणा जुळवून घेण्यासाठी होता. एरियान 4 मध्ये काउंटडाउन शेवटच्या क्षणी थांबलं तर पटकन परत सुरू करता यावं, म्हणून तो उड्डाणानंतरही थोडा वेळ चालू ठेवत. एरियान 5 ला त्याचा उपयोग नव्हता. पण चालतंय ना, मग कशाला हात लावा?

हे ऐकून त्या लोकांना हसावंसं वाटतं. मलाही वाटायचं. मग गेल्या वर्षी माझ्यावरच वेळ आली.

आमची टीम औषधांच्या कोल्ड रूमचं तापमान बघणारं सॉफ्टवेअर करत होती. सेन्सर वाचणारा भाग जुन्या प्रॉडक्टमधून घेतला. त्यात एक नियम होता : 60 च्या वरचा आकडा आला तर सेन्सर बिघडलाय असं समजायचं, तो टाकून द्यायचा आणि शेवटचा चांगला आकडा दाखवत राहायचं. एकदम शहाणा नियम. फक्त नवे सेन्सर अंशाच्या दहाव्या भागात आकडे पाठवत होते. 6.5 अंश म्हणजे 65. पुढे आम्ही दहानं भागत होतो, पण हा नियम त्याच्या आधीच लागत होता. म्हणजे 6 अंशांच्या वर गेलेलं प्रत्येक तापमान ‘बिघाड’ म्हणून कचऱ्यात! अलार्म 8 ला वाजायचा होता. तो वाजणार कसा?

एका रात्री कूलिंग बंद पडलं. सकाळी तिथल्या माणसानं दार उघडलं, तेव्हा त्याला नुसत्या हवेवरून कळलं. स्क्रीनवर तेव्हाही 5.8 होतं. औषधं फेकून द्यावी लागली. कुणापर्यंत पोचली नाहीत, एवढंच नशीब.

त्या कोडचा रिव्ह्यू मी केला होता. माझी कॉमेंट अजून तिथे आहे : ‘जुना कोड, बदल नाही, ओके.’

नंतर मी एरियानच्या चौकशी समितीचा अहवाल नीट वाचला. समितीचे अध्यक्ष होते गणितज्ञ जाक-लुई लिओन्स. त्यात कुणा एका प्रोग्रामरला पकडून फासावर दिलेलं नाही. अशा सात आकड्यांपैकी चारांना संरक्षण होतं, तीन तसेच सोडले होते. प्रोसेसरवर फार भार नको म्हणून हा निर्णय वेगवेगळ्या पातळ्यांवरच्या लोकांनी मिळून घेतला होता. पण त्या यंत्रणेसाठी ठरवलेल्या अपेक्षांमध्ये एरियान 5 च्या मार्गाची माहितीच नव्हती, त्यामुळे त्या मार्गाचे आकडे देऊन तिची चाचणीही झाली नाही. अहवालातली मला सगळ्यात लागलेली गोष्ट अशी : चूक अजून दिसली नाही म्हणून सॉफ्टवेअर बरोबर आहे असं धरू नका, बरोबर असल्याचं दाखवता येईपर्यंत ते चुकीचंच धरा.

मग नवीन काही करायचंच नाही का? तसं नाही. हेच एरियान 5 पुढे 2023 पर्यंत उडालं. 2018 मध्ये आपला जवळपास 5,854 किलोचा जीसॅट-11 त्यानंच नेला. 25 डिसेंबर 2021 ला जेम्स वेब दुर्बीण इतकी अचूक सोडली की तिचं इंधन वाचलं आणि आयुष्य वाढलं. अपयश झाकलं नाही, उघडं करून वाचलं, म्हणून हे जमलं.

आता रिव्ह्यूमध्ये कुणी ‘आधी चालत होतं’ म्हणालं, की मी एकच विचारतो : ‘आधी म्हणजे कुठे? आणि तिथे काय गृहीत धरलं होतं?’ ज्युनियर मुलं वैतागतात. वैतागू देत.

तुमच्या कामात असा एखादा ‘जुना, चालणारा’ भाग असेल, तर या आठवड्यात एकदा उघडून बघा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!