सिंहाची झेप आणि चितळाची नजर

सिंहाला आपण वनराज म्हणतो खरे. परंतु शिकारीच्या समयी त्याचे वर्तन राजापेक्षा हेराचेच अधिक असते. सौराष्ट्रातील गीरच्या सागवानी रानात, जेथे जुनागढच्या नवाबांनी शिकारीस निर्बंध घालून आशियाई सिंहांचा उरलासुरला वंश राखला, तेथे चितळांचा कळप चरत असता सिंहीण भुईला पोट लावून झुडपाआड दबते. कळपाने माना खाली घातल्या की चार पावले सरकते, आणि एखाद्या मादीने मान वर केली की उचललेला पंजा तसाच अधांतरी धरून निश्चल होते. ही खबरदारी निष्कारण नव्हे. देहाच्या मानाने तिचे हृदय लहान. ताशी ५० ते ६० किलोमीटरांचा वेग तिला साधतो, पण काही क्षणांतच धाप लागते. म्हणून सावजाच्या ३० पावलांच्या आत पोचल्यावाचून ती सहसा उठतच नाही. उठली तरी बहुतेक वेळा चितळ हातावर तुरी देऊन निसटतेच.

सिंहिणीचे दोन्ही डोळे समोर रोखलेले, त्यामुळे अंतराचा अदमास अचूक. चितळाचे मस्तकाच्या दोन अंगांस, बाहुली आडवी. मान न वळविताही पाठीमागचा बहुतेक मुलूख त्याच्या पहाऱ्याखाली असतो, मात्र वाळल्या गवतात न हलणारे भुरे अंग त्याच्या नजरेतून सुटते. त्याच्या मागच्या पायाचा आपण जो उलटा गुडघा समजतो ती वस्तुतः टाच होय. हा प्राणी जन्मभर बोटांच्या अग्रांवर, नखांचेच झालेल्या खुरांवर उभा असतो, आणि पळण्यास याहून सोयीची तजवीज क्वचितच सापडेल. सिंहिणीची नखे चालताना आत ओढलेली राहतात, म्हणूनच त्यांची धार टिकते. तिचे सुळेही मांस फाडण्यापेक्षा गळा आवळून धरण्याच्याच कामी येतात. सावज मरते ते बहुधा श्वास कोंडून.

१९६६ पासून आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत सिंहांच्या मागावर राहिलेल्या प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांना एक गोष्ट चमत्कारिक दिसली : इतका धूर्त प्राणी, पण दबा धरताना आपला वास सावजाकडे नेणारा वारा कोणीकडून वाहतो याची फिकीर करीत नाही!

नरांविषयी थोडे. गीरमधले नर बहुधा माद्यांपासून निराळे राहतात. त्यांची आयाळ कान उघडे दिसावेत इतकी विरळ असते, आणि दबा धरताना ते त्यांच्या पथ्यावरच पडत असावे. कारण कळपातल्या आफ्रिकी नराप्रमाणे आयत्या पिठावर रेघोट्या ओढण्याची सोय त्यांना फारशी नाही.