रकान्याबाहेरची अक्षरे

जमिनीच्या नोंदीवर ज्याचे पोट अवलंबून आहे, त्याला एका चुकीच्या अक्षराची किंमत सांगावी लागत नाही. पेनगंगेकाठच्या आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात पूर्वी पटवारी पहाणीपत्रक हाताने लिहीत. एखाद्याचे नाव लांबून अक्षरे शेजारच्या रकान्यात शिरली, की तंट्याला निमित्त मिळे. २०२० साली तेलंगणातील शेतजमिनीच्या नोंदी 'धरणी' या संगणकीय व्यवस्थेत गेल्या. २०२५ साली तिची जागा 'भूभारती'ने घेतली. दौत गेली, लेखणी गेली. रकाना मात्र राहिला.

मोठ्या संस्थांत पुष्कळदा संगणक एकीकडे आणि माहितीच्या तबकड्या दुसरीकडे असतात. दोहोंमध्ये जाळ्यावरून ने-आण करण्याच्या एका पद्धतीस 'आयस्कझी' म्हणतात. ही ने-आण मूळ प्रणालीतील 'ड्रायव्हर' नावाचा भाग करतो. हा हमाल थेट गाभाऱ्यात वावरतो. म्हणून त्याची चूक साऱ्या घराला भोवते.

मार्च २०२१ मध्ये लिनक्स प्रणालीच्या याच भागातील तीन दोष 'ग्रिम' या अमेरिकी संस्थेच्या संशोधकांनी उघड केले. मुख्य दोष किती साधा! काही नावे व मूल्ये दाखविण्यासाठी स्मृतीचे ४,०९६ बाइटांचे एक पान मिळे. मजकूर त्या पानात मावतो की नाही, हे मात्र कोणी मोजून पाहत नसे. हा भाग 'सी' भाषेत लिहिलेला आहे, आणि ती भाषा लिहिणाऱ्यावर विश्वास टाकते. स्वतः हात धरत नाही. एखाद्या साध्या वापरकर्त्याने मुद्दाम लांबलचक मजकूर दिला, तर तो पानाबाहेर सांडून शेजारची स्मृती बिघडवी. त्या वाटेने त्याला सर्वाधिकार मिळविता येत. हा दोष २००६ पासून तेथे होता. पंधरा वर्षे!

दुरुस्तीही तितकीच साधी होती. लिहिण्यापूर्वी पानाची मर्यादा पाहावी; बाहेरून आलेल्या मजकुराने सांगितलेली लांबी पडताळावी; आणि ही दारे केवळ व्यवस्थापकासच उघडावीत. २०२२ च्या अखेरीस लिनक्समध्ये 'रस्ट' भाषेलाही प्रवेश मिळाला. अशा बऱ्याच चुका ती आरंभीच अडविते. पण जुन्या लक्षावधी ओळी एका रात्रीत पालटत नाहीत. त्या कोणीतरी पुन्हा वाचाव्याच लागतात.

आणि शेवटचे काम तर आपल्याच हाती असते. दूरदेशी झालेली दुरुस्ती तालुक्याच्या कचेरीतील यंत्रावर चढविली नाही, तर त्या यंत्रापुरती ती झालीच नाही. 'चालले आहे ना, मग हात कशाला लावा?' हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. तो दोष असतानाही यंत्रे पंधरा वर्षे चाललीच होती. ज्याचा सातबारा, ज्याची पहाणी त्या यंत्राच्या पोटात आहे, त्या शेतकऱ्याला हा रकाना कधी दिसणार नाही. म्हणूनच तो मोजून पाहण्याचे उत्तरदायित्व, ज्यांना तो दिसतो त्यांचे आहे.