मांडी आणि पट्टा

(मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही वक्ते नव्हे. एस.टी.त २८ वर्षे चालक म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झालो. या व्यासपीठावरून शिक्षण, नोकऱ्या, व्यसनमुक्ती अशा विषयांवर विद्वानांनी पुष्कळ मार्गदर्शन केले आहे. आमचा विषय त्या मानाने साधा आहे. मोटारीत आणि मोटारसायकलवर आपण आपली लहान मुले कशी बसवतो, एवढाच. परंतु हा विषय आम्ही पुस्तकातून उचललेला नाही. तो आमच्या घरात घडला आहे, म्हणून प्रथम तेच सांगतो.

२०१८ सालची गोष्ट. आमच्या मुलाने हप्त्यावर जुनी मोटार घेतली. घराण्यातली पहिली मोटार. एका नातेवाइकाच्या घरी नामकरणाला आम्ही सर्व निघालो. मुलगा चालवीत होता आणि आम्ही त्याच्या शेजारी पुढे बसलो होतो. दीड वर्षाची नात आमच्या मांडीवर होती. नातीला अवघडल्यासारखे होईल म्हणून आम्ही पट्टाही लावला नव्हता. वाटेत उसाची ट्रॉली अचानक थांबली. मुलाने ब्रेक दाबला, तरी मोटार ट्रॉलीला मागून लागली. धडकेच्या वेळी वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास उतरला असेल. मोटारीचे फारसे नुकसान झाले नाही. पण नात आमच्या हातातून निसटली आणि डॅशबोर्डवर आपटली. कपाळाला पाच टाके पडले. आज ती शाळेत जाते, हसते, खेळते. तिच्या कपाळावरची खूण मात्र आम्हाला रोज दिसते. २८ वर्षे ज्या हातांनी बसचे स्टिअरिंग धरले, त्या हातांना दीड वर्षाची पोर धरता आली नाही.

बंधू-भगिनींनो, आम्ही तिला घट्ट धरले नव्हते असे नाही. माणसाच्या हातात तेवढे बळच नसते. हिशेब सोपा आहे आणि विद्यार्थ्यांनी तो घरी जाऊन वहीत करून पाहावा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार झाडावर आदळून एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, तर आतील दहा किलोचे मूल पुढे ज्या जोराने ओढले जाते, तो जोर सुमारे १४० किलो वजनाएवढा होतो. म्हणजे सिमेंटची जवळजवळ तीन पोती. ती कोणती आई किंवा कोणता आजोबा हातावर तोलून धरील? दुसऱ्या रीतीने सांगायचे, तर या वेगाने आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणे होय. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीच्या कठड्यावर आपण मूल बसवू काय? पण मोटारीत मांडीवर बसवतो, कारण तेथे उंची दिसत नाही.

मांडीविषयीचा हा गैरसमज केवळ आपल्याकडचा आहे असे समजू नये. अमेरिकेत टेनेसी नावाचे राज्य आहे. तेथे डॉ. रॉबर्ट सँडर्स नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. मोटारीत मुलांसाठी खास आसन सक्तीचे करावे म्हणून त्यांनी आमदारांच्या पुष्कळ खेपा घातल्या. १९७६ साली प्रयत्न फसला. १९७७ साली कायदा संमत झाला आणि १ जानेवारी १९७८ पासून अमलात आला. अमेरिकेतील असा तो पहिलाच कायदा. परंतु त्यात एक पळवाट राहिली होती. मूल कोणी हातात धरले असेल तर आसनाची गरज नाही, अशी ती सवलत होती. आईच्या कुशीपेक्षा सुरक्षित जागा कोणती, असे लोकांना वाटले. डॉ. सँडर्स या सवलतीला मूल चिरडणारी सवलत म्हणत. ते त्यांनी रागाने म्हटलेले नव्हते. पट्टा न लावलेले मोठे माणूस धडकेत स्वतःच पुढे फेकले जाते आणि मांडीवरील मूल त्याच्या अंगाखाली सापडते. १९८१ साली ती सवलत रद्द झाली आणि १९८५ पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांनी मुलांच्या आसनाचे कायदे केले. प्रेम खरे होते, पण समजूत चुकीची होती. ती सुधारायला शहाण्यासुरत्या लोकांनाही तीन वर्षे लागली.

आपल्या देशात काय आहे? मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि कलम १९४-ब आले. १ सप्टेंबर २०१९ पासून ते लागू आहे. चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा मुलांसाठीच्या खास आसनाने सुरक्षित न करता जो मोटार चालवील अथवा चालवू देईल, त्यास एक हजार रुपये दंड, असे ते कलम सांगते. या मेळाव्यातील किती पालकांना हे ठाऊक होते? आम्ही व्यवसायाने चालक, तरी आम्हालाही ते उशिरा कळले. पण दंडाच्या भीतीने हे करा असे आम्ही म्हणणार नाही. पोलीस चौकातच असतो, ट्रॉली मात्र कोठेही थांबते.

आता आसनाविषयी. बाजारात त्याला चाइल्ड सीट किंवा कार-सीट म्हणतात. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने फार मोठे आणि जड असते, मान मात्र कोवळी. म्हणून त्याचे आसन मागे तोंड करून बसवायचे असते. धडक झाली की जोर मानेवर न येता सबंध पाठीवर पसरतो. स्वीडनचे प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांनी १९६० च्या दशकात अशा आसनाचा पुरस्कार केला. अंतराळवीर यानात पाठीवर रेलून जोर सोसतात, ते पाहून त्यांना ही दिशा सुचली. निदान दोन वर्षांपर्यंत, आणि आसनाच्या मापात बसेल तोवर, मुलाचे तोंड मागेच असावे. त्यानंतर पुढे तोंड असलेले, स्वतःचे पट्टे असलेले आसन. त्याहून मोठे झाल्यावर बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवून मोटारीचा पट्टा योग्य जागी आणणारी बैठक. मोठ्यांचा पट्टा मुलाला केव्हा चालतो? खालचा पट्टा पोटावर न येता कमरेच्या हाडावर बसला, वरचा गळ्याला न घासता खांद्याच्या मधोमध आला आणि पाठ टेकून बसल्यावर गुडघे आसनाच्या कडेशी वाकले, तर. हे साधारण १३५ ते १४५ सेंटिमीटर उंचीला जमते. वयापेक्षा उंची पाहावी.

चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, आसन नेहमी मागील बाकावर लावावे. पुढे एअरबॅग असते आणि ती फुगताना मागे तोंड केलेल्या बाळाच्या आसनावर जोराने आदळते. त्यात जीव जाऊ शकतो. दुसरी, लावलेले आसन पट्ट्यापाशी धरून हलवून पाहावे. इंचापेक्षा अधिक हलले तर ते सैल आहे. तिसरी, जाड स्वेटर किंवा दुलईवरून पट्टा बांधू नये. आधी पट्टा, मग वरून पांघरूण. चौथी, मांडीवर मूल घेऊन दोघांवर मिळून एकच पट्टा कधीही लावू नये. धडकेत मूल आपल्या अंगाच्या आणि पट्ट्याच्या मध्ये चेंगरते.

मोठ्यांनी मागील बाकावरही पट्टा लावावा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार आदळली. मोटार भारी किमतीची होती. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागील दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले.

आपल्यापैकी पुष्कळांकडे मोटार नाही, मोटारसायकल आहे, हे आम्ही जाणतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत दुचाकीवरील सर्वाधिक होती. अठरा वर्षांखालील मुले नऊ हजारांहून अधिक होती. मूल पेट्रोलच्या टाकीवर बसवण्याची आपल्याकडे रीत आहे. धडकेत त्याची छाती हँडलवर आदळते आणि वरून बापाचे वजन येते. म्हणजे तेथेही मांडीचीच गत. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलासाठी केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम काढला. तो एक वर्षाने लागू झाला. मुलाला चालकाशी बांधणारा खास पट्टा हवा, डोक्याच्या मापाचे हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरहून अधिक नको. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे. चालकामागे एकच माणूस बसवावा, हेही कायद्यातच आहे. नऊ महिन्यांच्या आतील बाळ दुचाकीवर नेऊच नये, असे आम्ही आपले म्हणतो.

आता कोणी विचारील, दीक्षाभूमीला जाताना आपण भाड्याची जीप करतो, दहाजणांच्या गाडीत पंधराजण बसतो, तेथे सीट कोठून आणायची? प्रश्न खरा आहे. माणसे कमी बसवावीत. गाडी ठरवताना मागे पट्टे आहेत काय, हे भाड्याच्या आधी विचारावे. ज्याला पट्टा बसतो त्या मुलाला स्वतःची जागा व स्वतःचा पट्टा द्यावा. पुढच्या बाकावर कोणाच्याही मांडीवर मूल नको. रिक्षात चालकाशेजारी मूल नको. यात संपूर्ण सुरक्षा नाही, धोका काही अंशी कमी होतो, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

मूल आसनात रडते, अशी तक्रार असते. पहिल्या प्रवासापासून सवय लावली तर मूल ते आपली जागा मानते. लस टोचताना मूल रडते, म्हणून आपण दवाखान्यातून परत येत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. चांगल्या आसनाला काही हजार रुपये पडतात आणि तान्ह्या बाळाचे आसन वर्ष-दीड वर्षात अपुरे होते. प्रत्येक घराने ते विकत घ्यावे असे म्हणणे सोपे, करणे अवघड. म्हणून मंडळापुढे आमची एक सूचना आहे. मंडळाचे ग्रंथालय पुस्तके देते, मंडपाची भांडी देते, तसे मंडळाने दोन-तीन नवी आसने घ्यावीत. बाळंतीण दवाखान्यातून घरी येते त्या दिवसापासून ती गरजू घराला वापरायला द्यावीत. वही ठेवावी. आसनावर छापलेली मुदत संपली, किंवा एखादे आसन अपघातात सापडले, तर वरून चांगले दिसले तरी ते मोडीत काढावे. पहिल्या आसनाचे पैसे आम्ही देतो. आजच्या सभेत अध्यक्षांनी हा ठराव मांडावा, अशी विनंती आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडे एकच मागणे. मोटारीत बसल्यावर वडील, काका किंवा आमच्यासारखे आजोबा पट्टा न लावता धाकट्या भावंडाला मांडीवर घेऊ लागले, तर गप्प राहू नका. नम्रपणे, पण ठामपणे सांगा. २०१८ साली आम्हाला तसे सांगणारे कोणी त्या मोटारीत असते, तर आम्ही कदाचित रागावलो असतो. पण आज त्याचे आभार मानीत येथे उभे असतो.