मुकादम क्लू आणि नटांचा संप



१९८२ साली 'ट्रॉन' नावाचा अमेरिकन चित्रपट निघाला. त्याचा नायक फ्लिन हा कंपनीतला नोकर. त्याने रचलेले खेळ वरचा साहेब चोरतो नि बढती मिळवतो. तुम्हाआम्हाला ही गोष्ट नवी नाही.

२०१० साली पुढचा भाग आला, 'ट्रॉन: लेगसी'. आता फ्लिनच कंपनीचा सर्वेसर्वा झालेला. तो संगणकाच्या आत एक जग वसवतो आणि स्वतःच्याच रूपाचा मुकादम नेमतो. त्याचे नाव क्लू. हुकूम एकच : निर्दोष व्यवस्था उभी कर. तिथे आपोआप उपजलेली प्रजा साच्यात बसत नाही, म्हणून क्लू तिचा संहार करतो. उरलेल्यांची मने फिरवून फौज बनवतो. फ्लिन आडवा येताच त्यालाही दूर सारतो. नोकरीत सोसलेला हा माणूस मालक झाला, पण 'हे चुकते आहे' असे सांगण्याचा हक्क त्याने खालच्यांना ठेवलाच नव्हता.

क्लूचा तरुण चेहरा संगणकाने घडवला होता. नट जेफ ब्रिजेस तेव्हा साठीचे. ते स्वतः त्या कामात होते. पण ज्याला कोणी विचारणारच नाही, त्याचे काय? २०२३ साली हॉलिवूडचे नट ११८ दिवस संपावर गेले. त्यांच्या करारात अशा संगणकी प्रतिकृतीसाठी संमती आणि मोबदला यांची कलमे आली.

यंत्राशी आमचे भांडण नाही. माणसाला विचारा, एवढेच मागणे आहे. ते मागायला संघटना लागते.