धानाचं फूल आणि कथेची वही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'विज्ञान आणि साहित्य' असा विषय दिला. मी त्यांना फोनवरच सांगितलं, एवढा मोठा विषय मला पेलायचा नाही. मी धानावर संशोधन करते आणि सवड मिळाली की कथा लिहिते. तेवढंच सांगेन.

सुरुवात याच शाळेतली. मी आठवीत असताना विज्ञान मंडळ आणि वार्षिक हस्तलिखित या दोन्हींच्या बैठका शनिवारी शाळा सुटल्यावर एकाच वेळी व्हायच्या. मी विज्ञान मंडळात गेले. हस्तलिखितासाठी लिहिलेली गोष्ट दप्तरातच राहिली. मला कोणी अडवलं नव्हतं. पण दोन्हींतलं एकच निवडायचं असतं, हे तेव्हा मनात बसलं ते वीस वर्षं निघालं नाही.

ते काढलं जयंत नारळीकरांनी. त्यांच्या कथा आपल्यापैकी अनेकांनी वाचल्या असतील. त्यांच्या पहिल्या कथेचा किस्सा मात्र सगळ्यांना ठाऊक असेलच असं नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. तोवर त्यांना पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झाली होती. नावाकडे पाहून बक्षीस मिळू नये म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी केली आणि 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतलं. अक्षर ओळखू येईल म्हणून कथा पत्नीकडून, मंगलाताईंकडून, उतरवून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढं 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला' आली. २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. केंब्रिजमधले त्यांचे गुरू फ्रेड हॉयल हेही मोठे खगोलशास्त्रज्ञ आणि तितकेच गाजलेले विज्ञानकथाकार. म्हणजे गुरूच्या घरीच ही दोन्ही कामं एका टेबलावर होत होती.

या गोष्टीत मला दरवेळी ते हस्ताक्षर थांबवतं. ज्या मंगलाताईंनी ती कथा उतरवून दिली, त्या स्वतः गणितज्ञ होत्या. संसार आणि मुली सांभाळत त्यांनी १९८१ साली अंक सिद्धांतात पीएच.डी. मिळवली. पुढं मुलांसाठी गणिताची पुस्तकं लिहिली, बालभारतीच्या गणिताचं काम पाहिलं. इथं बसलेल्या मुलींनी जयंतरावांबरोबर हेही नाव लक्षात ठेवावं.

नाव मीही लपवलं, पण कारण अगदी उलटं होतं. त्यांचं नाव मोठं होतं म्हणून. माझं लहान होतं म्हणून. पहिली कथा छापून आली तेव्हा मी नोकरीत नवी होते. एका वरिष्ठांच्या कानावर गेलं. ते सगळ्यांसमोर हसून म्हणाले, "बाईंकडे वेळ बराच दिसतो." त्यानंतर माझा प्रत्येक अहवाल दोनदा तपासला जाऊ लागला, असं मला तरी वाटायचं. मी टोपणनाव घेतलं. आता वाटतं, घाबरायला नको होतं. पण घाबरले होते, हे आज माझ्याच शाळेत कबूल करते.

आता धानाकडे येते. आपण सगळे बांधीच्या चिखलात वाढलेलो, पण धानाचं फूल नीट पाहिलेले फार थोडे असतील. ते दिवसा जेमतेम तास-दोन तास उघडतं. नेमक्या त्या वेळी तापमान साधारण ३५ अंशांच्या वर गेलं, तर परागकण निकामी होतात आणि लोंबीत दाणा भरत नाही, पोचट राहतो. आपल्याकडे उन्हाळी धान वाढलं तसा हा प्रश्नही वाढला. यावर जगभरचे शास्त्रज्ञ एक उपाय शोधत आहेत. काही जंगली धानांचं फूल सकाळी लवकर, गारव्यात उघडतं. तो गुण आपल्या धानात संकरानं आणायचा.

यावर मी एक कथा लिहिली. पहाटे फुलणारं धान, ते शोधणारी मुलगी, शेवटी भरलेल्या लोंब्या. सुट्टीत घरी आले आणि आईला वाचून दाखवली. आईनं जन्मभर रोवणी केली, कापणी केली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "फूल तर वाचवलंस बाई. पन मे महिन्यात ते धान कापाले जाते, तिले कोन वाचवीन?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. उन्हाळी धानाची कापणी येते तेव्हा आपल्या जिल्ह्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. माझ्या वहीत फुलाचं तापमान दर दहा मिनिटांनी नोंदलेलं होतं. त्याच बांधीत वाकलेल्या बाईचं एकदाही नाही. अहवालात तिला जागाच नव्हती, म्हणून मला ती दिसलीही नव्हती. कथेत जागा होती, आणि तिथंही मी तिला विसरले होते.

ती कथा मी फाडली नाही; पुन्हा लिहिली. शोध लावणाऱ्या मुलीच्या शेजारी तिची आई आणून उभी केली. आणि त्या हंगामापासून माझ्या प्रयोगाच्या वहीत एक रकाना वाढला : कापणी किती वाजता सुरू झाली, किती वाजता थांबली, सावली किती लांब होती. त्यावर शोधनिबंध झालेला नाही. पण आमच्या प्रयोगक्षेत्रावरची कापणी आता उजाडताच सुरू होते आणि ऊन चढायच्या आत थांबते. एवढंच झालं, पण ते कथेमुळे झालं.

लोक विचारतात, प्रयोगशाळेत सत्य आणि कथेत कल्पना, हे जमतं कसं? मला तर दोन्हीकडे शिस्त एकच दिसते. मनासारखं उत्तर यावं म्हणून आकडा बदलायचा नाही, आणि शेवट गोड व्हावा म्हणून माणूस बदलायचा नाही.

शेवटी मुख्याध्यापकांना एक विनंती. शाळेचं हस्तलिखित बंद पडलं असं कळलं. ते पुन्हा सुरू करावं. कागद आणि बांधणीचा खर्च आमची बॅच उचलेल, मघाशीच मैत्रिणींशी बोलणं झालं आहे. फक्त त्याची बैठक विज्ञान मंडळाच्या वेळी ठेवू नका. पहिल्या अंकासाठी माझी कथा मी आणली आहे, दप्तरात राहिलेली तीच, आठवीतली. खाली माझं खरं नाव आहे.