भोवऱ्याची साक्ष

एखादा पदार्थ अतिप्रवाही आहे, म्हणजे अंतर्गत घर्षणाशिवाय वाहतो, हे ओळखायचे कसे? माझ्या मते त्याला फिरवून पाहण्याइतकी खात्रीची कसोटी दुसरी नाही. बादलीतले पाणी ढवळले की सगळे पाणी गोल फिरू लागते आणि त्याचा वेग हवा तेवढा कमीजास्त करता येतो. अतिप्रवाहीला ही मोकळीक नसते. त्यातल्या सगळ्या अणूंचा मिळून एकच पुंजतरंग झालेला असतो आणि एक फेरी पुरी करताना त्या तरंगाला स्वतःशीच जुळावे लागते. म्हणून हळू फिरवले तर अतिप्रवाही जागचा हलत नाही. वेगाने मर्यादा ओलांडली की बारीक भोवरे काठावरून आत शिरतात. प्रत्येक भोवऱ्याचे अभिसरण ठरलेले असते: प्लांकचा स्थिरांक भागिले अणूचे वस्तुमान. लार्स ऑन्सागर यांनी 1949 मध्ये आणि रिचर्ड फाइनमन यांनी 1955 मध्ये हा विचार मांडला.

सत्येंद्रनाथ बोस आणि आइन्स्टाइन यांनी वर्तवलेली संघनित अवस्था, जिच्यात अणूंचा असाच एक तरंग होतो, ती 1995 मध्ये रुबिडियमच्या अतिशीत वायूत प्रत्यक्ष मिळाली. पुढे अशा वायूंत भोवरेही दिसले आणि त्यांची त्रिकोणी जाळीही. पण त्या अणूंमधले बल सगळ्या दिशांना सारखे असते. डिस्प्रोसियम या धातूचे तसे नाही. त्याचे चुंबकी आघूर्ण रुबिडियमच्या सुमारे दहापट, म्हणून दोन अणूंमधले चुंबकी बल सुमारे शंभरपट. हे अणू एकापुढे एक आले तर ओढले जातात, शेजारी आले तर दूर लोटले जातात. त्यामुळे वायूचा ढग चुंबकी क्षेत्राच्या दिशेने लांबट होतो. ऑस्ट्रियातील इन्सब्रुकमधील फ्रान्चेस्का फेर्लाइनो यांच्या संशोधक गटाने नेमका याचाच उपयोग केला. क्षेत्र कलते ठेवून त्याची दिशा फिरवली आणि लांबट ढग तिच्यामागे फिरू लागला. 2022 मध्ये त्यात भोवरे उमटले, आणि ते त्रिकोणी जाळीऐवजी क्षेत्राच्या दिशेला समांतर अशा ओळींत लागले. ज्या बलाने वायू ढवळला, त्यानेच भोवऱ्यांची मांडणीही ठरवली.

या कसोटीची खरी गरज सुपरसॉलिडच्या बाबतीत होती. ही अवस्था स्फटिकासारखी ठरावीक अंतरावर मांडलेली असते आणि तरीही घर्षणाशिवाय वाहते. 2004 मध्ये घन हेलियम भरलेल्या दोलकाचा दोलनकाळ घटलेला पाहून ती सापडल्याचा दावा झाला. पण हेलियमचा ताठरपणा बदलल्यानेही तो काळ घटतो, असे पुढे कळले आणि 2012 मध्ये मूळ संशोधकांच्याच सुधारित उपकरणात तो परिणाम उरला नाही. दोलनकाळाला दोन कारणे असू शकतात, हा त्यातला धडा. 2019 मध्ये डिस्प्रोसियम आणि अर्बियमच्या वायूंत दाट थेंब आणि त्यांच्या तरंगांतली सुसंगती एकत्र दिसली, तरी भोवऱ्यांची साक्ष बाकी होती. ती 2024 मध्ये इन्सब्रुकमध्येच मिळाली.

कोणी म्हणेल, सुपरसॉलिडमध्ये थेंबांच्या मधे विरळ जागा मुळातच असतात. मग दिसलेला खळगा भोवऱ्याचाच कशावरून? आक्षेप रास्त आहे, कारण भोवरे नेमके त्या विरळ जागांतच बसतात. म्हणून केवळ खळगा पाहून निष्कर्ष काढलेला नाही. ढग सोडून पसरू दिला की थेंबांचे तरंग एकमेकांत मिसळतात. भोवरा नसेल तर मध्यभाग उजळ दिसतो, असेल तर तिथे काळोख दिसतो, कारण भोवऱ्याभोवती तरंगाची कला एक पूर्ण फेरी घेते. नुसत्या विरळ जागेला हे साधत नाही. दुसरा आक्षेप असा की, निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळच्या तापमानालाच टिकणाऱ्या या ढगाचा उपयोग काय? न्यूट्रॉन ताऱ्याच्या कवचात अतिप्रवाही आणि स्फटिकी जाळी एकत्र असतात असे मानतात, आणि काही पल्सारांची, म्हणजे स्पंदने पाठवणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांची, फिरण्याची गती अचानक वाढते, ती तिथले भोवरे सुटल्याने असावी असा तर्क आहे. ते कवच कोणाला उघडून पाहता येणार नाही. जाळीत अडकलेले भोवरे कसे वागतात हे डिस्प्रोसियमच्या ढगात मात्र तपासता येते, आणि एवढ्यासाठीही हे कष्ट सार्थकी लागतात.