रासायनिक क्रियेचा वेग



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो पगारवाढीवर बोलणार, असे आपण धरून चालता. आज आम्ही रासायनिक क्रियेच्या वेगाविषयी बोलणार आहोत. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे थोडे रसायनशास्त्र पदरी पडले, ते वाचनालयातील पुस्तकांतून आणि कारखान्यातील कामगारांच्या तोंडून. परंतु आपल्या बोनकोडे गावाच्या पूर्वेस ठाणे-बेलापूर रस्त्याचा कारखान्यांचा पट्टा आहे. येथे हा विषय केवळ शाळेतला राहत नाही.

वेग म्हणजे काय? ठराविक वेळात किती पदार्थ बदलला, तो वेग. लोखंडाला गंज चढायला महिने लागतात. फटाक्याला क्षण पुरतो. अंड्याचे टरफल व्हिनेगरमध्ये टाका, बुडबुडे येतील. व्हिनेगरमध्ये पाणी घाला, ते मंदावतील. टरफल कुटून टाका, ते वाढतील. पहिला परिणाम द्रावणाच्या तीव्रतेचा, दुसरा पृष्ठभागाचा. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड घातले की फेस येतो, कारण रक्तातील एक द्रव्य त्याचे विघटन झपाट्याने घडविते आणि स्वतः खर्ची पडत नाही. हा उत्प्रेरक. चौथी गोष्ट उष्णता. मासळी आपण बर्फात ठेवतो ती तिचे नासणे लांबावे म्हणून.

हा वेग मोजता येतो. टरफलाच्या बाटलीतील वायू नळीने पाण्याने भरलेल्या उपड्या मापात घ्यावा आणि दर मिनिटाला आकडा लिहावा. आरंभी आकडा भराभर चढतो, मग आम्ल संपत आले की रेंगाळतो. 1850 साली विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने आम्लात साखरेचे विघटन होताना तिच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश सोडला, तो किती वळतो हे वेळेबरोबर टिपले, आणि दाखविले की जितकी साखर शिल्लक, तितका वेग. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्यातही साखरेचे असेच विघटन होते. म्हणून आपले साखर कारखाने ऊस लवकर गाळण्याची घाई करतात.

आता मुख्य मुद्दा. पुष्कळ क्रियांचा वेग दर 10 अंशांना सुमारे दुप्पट होतो. म्हणजे 30 अंशांवरून 70 अंशांवर गेलो, तर सोळापट! पुष्कळ क्रिया स्वतःच उष्णता सोडतात. रिअॅक्टरच्या जॅकेटमधले पाणी ती काढून नेते. परंतु पाण्याचे काम बेरजेने वाढते आणि क्रियेचे गुणाकाराने. एक वेळ अशी येते की गुणाकार जिंकतो, आणि मग कोणाचाही हात पुरत नाही. त्यातून भांडे दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद केले, तर माल आठपट होतो, पण थंड होणारी भिंत चारपटच. ढवळणी बंद पडली आणि माल ओतणे चालूच राहिले, तर आत न बदललेला माल साचतो. अशा वेळी ढवळणी एकदम चालू करणे, यासारखा धोका नाही.

1984 च्या 2 डिसेंबरच्या रात्री भोपाळला हेच घडले. 610 क्रमांकाच्या टाकीत सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट होते. ते थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. टाकीत पाणी शिरले, उष्णता वाढली, टाकीच्या झिजलेल्या धातूतील लोखंडाने उत्प्रेरकाचे काम केले. हजारो माणसे मेली. आज आपण मोजलेल्या गोष्टी तेथे एका टाकीत एकत्र आल्या होत्या.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. एका कारखान्यात आम्ही बॅचमागे जादा पैशाच्या करारावर सही केली होती आणि तो विजय मानला होता. एका रात्री तेथील ऑपरेटरने पारा चढताना पाहून चार्जिंग थांबविले. बॅच गेली, साऱ्या पाळीचे जादा पैसे गेले, आणि साथीदारांनी त्याच्याशी बोलणे टाकले. त्याने त्यांचे प्राण वाचविले होते! आम्ही वेगाला बक्षीस लावले होते, सावधपणाला दंड. पुढच्या करारात ते कलम आम्ही काढून टाकले.

वेग मोजणारा शेवटचा माणूस रात्रपाळीचा ऑपरेटर असतो. पाळी संपताना एका बैठकीत भरलेला तक्ता म्हणजे मोजमाप नव्हे. चालू स्थितीतला तापमापक, कोणत्या अंशावर थांबायचे हे मराठीत लिहिलेला फलक, आणि थांबविणाऱ्याचा पगार न कापण्याची हमी, या तीन मागण्या पगारवाढीइतक्याच मोठ्या आहेत. भोपाळनंतर, 1987 साली, कारखाना कायद्यात धोक्याची माहिती मिळण्याचा कामगाराचा हक्क घातला गेला. पण माहिती मागणारा उभा राहिला नाही, तर हक्क कागदावरच राहतो.

घरी गेल्यावर मुलांना टरफलाचा प्रयोग करून दाखवा. उद्या त्यांतलेच कोणी त्या रिअॅक्टरपाशी उभे असेल.